२६ जानेवारी : प्रजासत्ताक दिनाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

संक्रांत उरकली की शाळांमध्ये झेंडावंदनाची लगबग सुरू होते आणि माझ्याकडे प्रश्न यायला लागतात. नव्याने रुजू झालेले शिक्षक विचारतात, सोसायटीचे सेक्रेटरी विचारतात, भाषणाला नाव दिलेली पाचवीतली मुलं तर घरी येऊन विचारतात. बावीस वर्षं शाळेत हा कार्यक्रम सांभाळला, त्यामुळे बहुतेक प्रश्न पाठ झाले आहेत. त्यांची उत्तरं एकदा नीट लिहून काढतो.

स्वातंत्र्य तर १५ ऑगस्टला मिळालं. मग २६ जानेवारीला वेगळं काय झालं?

१५ ऑगस्ट १९४७ ला इंग्रजांची सत्ता गेली, पण त्या दिवशी आपण प्रजासत्ताक झालो नाही. पुढची जवळजवळ अडीच वर्षं भारत हे ब्रिटिश राष्ट्रकुलातलं एक अधिराज्य होतं. कागदोपत्री राजा सहावा जॉर्जच होता. त्याच्या नावाने आधी माउंटबॅटन आणि जून १९४८ पासून चक्रवर्ती राजगोपालाचारी गव्हर्नर जनरल म्हणून काम पाहत होते. कारभार चालत होता तोही मुख्यतः १९३५ च्या, म्हणजे इंग्रजांनीच केलेल्या कायद्यात फेरफार करून.

२६ जानेवारी १९५० ला हे संपलं. दिल्लीच्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये, म्हणजे आजच्या राष्ट्रपती भवनात, सकाळी १० वाजून १८ मिनिटांनी भारत प्रजासत्ताक झाल्याची घोषणा झाली. पाठोपाठ डॉ. राजेंद्र प्रसाद यांनी पहिले राष्ट्रपती म्हणून शपथ घेतली. मुलांना मी एवढंच सांगतो : १५ ऑगस्टला घर आपल्या ताब्यात आलं, २६ जानेवारीला त्या घराचे नियम आपण स्वतः ठरवून लागू केले.

पण संविधान २६ नोव्हेंबरलाच तयार झालं होतं ना? मग दोन महिने कशासाठी थांबले?

यामागे वीस वर्षं जुनी एक आठवण आहे. डिसेंबर १९२९ मध्ये लाहोरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, पंडित नेहरू अध्यक्ष होते. तोवर वसाहतीच्या स्वराज्याची भाषा होत असे. लाहोरला पूर्ण स्वराज्याचा ठराव झाला. ३१ डिसेंबरच्या मध्यरात्री रावी नदीच्या काठी, पंजाबच्या कडाक्याच्या थंडीत, तिरंगा फडकला. लगेच पुढच्या महिन्यात, २६ जानेवारी १९३० ला, देशभर स्वातंत्र्याची प्रतिज्ञा घ्यायची असं ठरलं. तो रविवार होता. गावोगाव लोक जमले आणि प्रतिज्ञा वाचली गेली. तेव्हापासून १९४७ पर्यंत २६ जानेवारी हाच स्वातंत्र्यदिन म्हणून पाळला जात होता. अनेकांनी त्यासाठी लाठ्या खाल्ल्या, तुरुंग पाहिला.

पुढे प्रत्यक्ष स्वातंत्र्य १५ ऑगस्टला आलं आणि ही तारीख मोकळी राहिली. लोकांनी इतकी वर्षं जपलेला दिवस वाया जाऊ नये म्हणून संविधान लागू करण्यासाठी तोच निवडला. २६ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेने संविधान स्वीकारलं आणि नागरिकत्व, निवडणुका अशी काही कलमं त्याच दिवसापासून अमलात आली. बाकीचं संविधान २६ जानेवारीला लागू झालं. २६ नोव्हेंबर आपण संविधान दिन म्हणून पाळतो तो यामुळेच.

प्रजासत्ताक, गणराज्य, गणतंत्र यांत फरक आहे का?

अर्थ एकच. मराठीत दिवसाचं नाव प्रजासत्ताक दिन, हिंदीत गणतंत्र दिवस, आणि संविधानाच्या मराठी उद्देशिकेत शब्द आहे ‘गणराज्य’. देशाचा प्रमुख जन्माने ठरत नाही, लोकांच्या मार्फत निवडला जातो, असं राज्य. मला स्वतःला ‘प्रजासत्ताक’ हा शब्द फार आवडतो. प्रजा म्हटली की राजा आलाच अशी पिढ्यान्‌पिढ्यांची सवय. या शब्दाने त्याच प्रजेच्या हाती सत्ता दिली आहे.

संविधान एकट्या बाबासाहेबांनी लिहिलं का?

हा प्रश्न दोन बाजूंनी येतो. कुणी भक्तीने विचारतं, कुणी बाबासाहेबांचं श्रेय कमी करायला. दोघांनाही वस्तुस्थितीच सांगावी.

संविधान सभा ९ डिसेंबर १९४६ ला पहिल्यांदा भरली. फाळणीनंतर तिचे २९९ सदस्य राहिले, सभेत एकूण १५ स्त्रिया होत्या. हंसा मेहता, दाक्षायणी वेलायुधन ही त्यांतली नावं मुलींना मुद्दाम सांगावीत. आपल्या बाजूचे पंजाबराव देशमुख, काकासाहेब गाडगीळ, शंकरराव देव, केशवराव जेधे हेही त्या सभेत होते. २९ ऑगस्ट १९४७ ला सात जणांची मसुदा समिती नेमली गेली आणि डॉ. आंबेडकर तिचे अध्यक्ष झाले. घटना सल्लागार बी. एन. राव यांनी प्राथमिक आराखडा केला होता, एस. एन. मुखर्जी मसुद्याची कायदेशीर भाषा घडवत होते. या दोघांचं श्रेय खुद्द बाबासाहेबांनी सभेत जाहीरपणे मान्य केलं.

आता दुसरी बाजू. समितीतल्या सात जणांपैकी एकाने राजीनामा दिला, एकाचं निधन झालं, एक अमेरिकेत होते, कुणी राज्यकारभारात गुंतलेले, कुणी प्रकृतीमुळे दिल्लीपासून दूर. मसुद्याचा खरा भार शेवटी आंबेडकरांवर पडला, असं समितीतलेच टी. टी. कृष्णम्माचारी सभेत बोलले. मसुद्यावर ७,६३५ दुरुस्त्या सुचवल्या गेल्या, त्यांतल्या २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. कलमामागून कलम उभं राहून उत्तर द्यायचं, विरोधकाचा मुद्दा पटला तर घ्यायचा, नाही तर का नाही ते समजावून सांगायचं, हे काम त्यांनी तब्येत साथ देत नसताना महिनोन्‌महिने केलं. ‘शिल्पकार’ हा शब्द त्यांना शोभतो तो यासाठी.

२५ नोव्हेंबर १९४९ चं त्यांचं शेवटचं भाषण वाचलं नसेल तर या २६ जानेवारीला जरूर वाचा. त्यात त्यांनी बजावलं होतं की २६ जानेवारी १९५० ला आपण एका विसंगतीच्या आयुष्यात पाऊल टाकतो आहोत : राजकारणात समता असेल, पण सामाजिक आणि आर्थिक जीवनात विषमताच राहील. आनंदाच्या दिवसाच्या तोंडावर इतकं खरं बोलणारा माणूस आपल्याला लाभला, हे आपलं भाग्य.

यंदा कितवा प्रजासत्ताक दिन? दरवर्षी यावरून वाद होतो.

पहिला १९५० चा धरा. चालू सालातून १९४९ वजा केले की आकडा मिळतो. २०२५ ला शहात्तरावा होता, २०२६ ला सत्त्याहत्तरावा. पूर्ण झालेली वर्षं मात्र एकाने कमी असतात. फलक रंगवायला देण्याआधी हे बघून घ्या.

‘ध्वजारोहण’ आणि ‘ध्वज फडकवणे’ यांत खरंच फरक आहे?

आहे. १५ ऑगस्टला झेंडा काठीच्या खालच्या बाजूला असतो, तो दोरीने वर चढवतात आणि मग फडकवतात. परकी झेंडा उतरून आपला चढला, ही त्यातली खूण. लाल किल्ल्यावर हा मान पंतप्रधानांचा. २६ जानेवारीला देश आधीच स्वतंत्र आहे, म्हणून घडी केलेला झेंडा आधीपासून काठीच्या टोकाला बांधलेला असतो आणि राष्ट्रपती तो फक्त उलगडतात. बोलताना आपण दोन्हीला झेंडावंदनच म्हणतो आणि त्यात काही वावगं नाही.

झेंडा फडकवताना गाठ अडकू नये म्हणून काय करावं?

हा प्रश्न मला सगळ्यात जवळचा. एका वर्षी प्रमुख पाहुण्यांनी दोरी ओढली आणि काहीच झालं नाही. पुन्हा ओढली, तरी नाही. पाचशे मुलं सावधानमध्ये उभी, बँडवाला मुलगा काठ्या उचलून थांबलेला. शेवटी शिपाईकाका काठीवर चढले. आदल्या संध्याकाळी कुणीतरी घाईत सुरगाठीऐवजी निरगाठ मारली होती आणि रात्रभराच्या दवाने दोरी फुगून ती आणखी आवळली होती. जबाबदारी माझी होती. त्या दिवसापासून गाठ मी स्वतः बांधतो आणि ती पहाटेच, आदल्या दिवशी नाही.

आधी झेंडा सतरंजीवर पसरून केशरी बाजूचं टोक कुठलं ते पाहा. ज्या टोकाला लाकडी खुंटी किंवा फास असतो ते वरचं. इथे चूक झाली की झेंडा उलटा फडकतो आणि तो पुन्हा उतरवावा लागतो. मग लांबीच्या दिशेने अरुंद घडी घाला, मध्ये झेंडूच्या किंवा गुलाबाच्या पाकळ्या ठेवा. ध्वजसंहितेने राष्ट्रीय सणांना याची परवानगी दिली आहे. फक्त पाकळ्या कोरड्या हव्यात, ओल्या पाकळ्या कापडाला चिकटून बसतात. आता घडी गुंडाळा आणि ओढायच्या दोरीचा एकच पदर फिरवून सुरगाठ मारा. एक सौम्य हिसका दिला की सुटली पाहिजे. दोन-तीनदा रंगीत तालीम करा. फडकवणारी व्यक्ती वयस्कर असेल तर कुठला पदर ओढायचा हे त्यांना आधी हातात देऊन दाखवा.

झेंडावंदन किती वाजता करावं?

महाराष्ट्रात २६ जानेवारीचं मुख्य शासकीय झेंडावंदन सकाळी ९.१५ ला होतं. त्याला सगळ्यांना जाता यावं म्हणून ८.३० ते १० या वेळात दुसरे कार्यक्रम ठेवू नयेत अशी सूचना असते. म्हणून शाळा-सोसायट्या साधारण साडेसात-आठला उरकतात.

घरावर किंवा सोसायटीत झेंडा लावता येतो का?

येतो, आणि वर्षभर येतो. २६ जानेवारी २००२ पासून लागू झालेल्या भारतीय ध्वजसंहितेने सामान्य नागरिकाला ही मुभा दिली आणि २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सन्मानाने झेंडा फडकवणं हा नागरिकाचा मूलभूत हक्क मानला. डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीनंतर हातमागाच्या खादीबरोबर यंत्रावरचं आणि पॉलिएस्टरचं कापडही चालतं. जुलै २०२२ पासून घरावर झेंडा रात्रीही ठेवता येतो.

आकार कोणताही घ्या, लांबी-रुंदीचं प्रमाण ३:२ हवं. चक्र गडद निळं, आरे २४. फाटका, विटलेला, चुरगळलेला झेंडा लावू नये. त्यावर काही लिहू नये, तो जमिनीला टेकू देऊ नये, टेबलावर किंवा व्यासपीठाला आच्छादन म्हणून पसरू नये, कमरेखालच्या कपड्यांत वापरू नये. भिंतीवर उभा लावायचा असेल तर पाहणाऱ्याच्या डाव्या हाताला केशरी पट्टा आला पाहिजे, इथे हमखास चूक होते. गाडीच्या बॉनेटवर झेंडा लावण्याचा अधिकार फक्त ठरावीक पदांवरच्या व्यक्तींना आहे. ध्वजाचा अवमान १९७१ च्या कायद्याने गुन्हा ठरतो.

दुसऱ्या दिवशी रस्त्यावर पडलेल्या कागदी झेंड्यांचं काय करायचं?

उचलायचे. आमच्या शाळेत दुपारनंतर एक वर्ग पिशव्या घेऊन परिसरात फिरतो. जमवलेले झेंडे कचऱ्याच्या गाडीत न टाकता एकांतात, सन्मानाने जाळून नष्ट करावेत. फाटलेल्या कापडी झेंड्यालाही हीच रीत. प्लास्टिकचे झेंडे मुळात विकतच घेऊ नका, ते ना नीट जळतात ना मातीत मिसळतात. झेंडा विकणारं पोर सिग्नलला हात पुढे करतं तेव्हा नाही म्हणणं जड जातं, मला ठाऊक आहे. त्याच्याकडून कागदी घ्या आणि घरी येईपर्यंत जपा.

राष्ट्रगीताच्या वेळी एखादं मूल गात नसेल तर?

सरळ, शांत उभं असेल तर ते पुरेसं आहे. केरळमधल्या तीन भावंडांना याच कारणावरून शाळेतून काढलं होतं. त्यांच्या धर्मश्रद्धेत असं गाणं बसत नव्हतं, पण राष्ट्रगीत सुरू असताना ती आदराने उभी राहत. १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुलांच्या बाजूने निकाल दिला. ज्या संविधानाचा हा दिवस, त्यानेच त्या मुलांना सांभाळून घेतलं. शिक्षकांच्या बैठकीत मी हे दरवर्षी सांगतो.

पूर्ण राष्ट्रगीताला सुमारे ५२ सेकंद लागतात. ध्वनिफितीवर वाजवण्यापेक्षा सगळ्यांनी गावं. चुकलं, सूर हलला, तरी चालेल. मराठी शाळेतसुद्धा ‘एक साथ राष्ट्रगीत शुरू कर’ ही आज्ञा हिंदीतच ऐकू येते, ती कवायतीची जुनी परंपरा. आणि हो, ‘जन गण मन’ राष्ट्रगीत म्हणून स्वीकारलं गेलं ते २४ जानेवारी १९५० ला. त्याच दिवशी सदस्यांनी संविधानाच्या हस्तलिखित प्रतींवर सह्या केल्या. इंग्रजी प्रत प्रेमबिहारी नारायण रायजादा यांनी आणि हिंदी प्रत वसंत कृष्ण वैद्य यांनी हाताने लिहिली, पानं नंदलाल बोस आणि शांतिनिकेतनच्या चित्रकारांनी सजवली.

दिल्लीचं संचलन पहिल्यापासून कर्तव्य पथावरच होतं का?

नाही. १९५० चं संचलन आयर्विन स्टेडियममध्ये झालं, आजचं मेजर ध्यानचंद स्टेडियम. इंडोनेशियाचे अध्यक्ष सुकार्णो पाहुणे होते. पुढची काही वर्षं जागा बदलत राहिली आणि १९५५ पासून संचलन राजपथावर स्थिरावलं. राजपथाचं नाव सप्टेंबर २०२२ मध्ये कर्तव्य पथ झालं.

आपल्याकडे दूरदर्शनसमोर बसून वाट पाहतात ती महाराष्ट्राच्या चित्ररथाची. २०१५ ला पंढरीच्या वारीच्या आणि २०१८ ला शिवराज्याभिषेकाच्या चित्ररथाला पहिला क्रमांक मिळाला, २०२३ ला साडेतीन शक्तिपीठांच्या चित्ररथाला दुसरा. वारीच्या वर्षी कर्त्या-सवरत्या माणसांनी घरात टीव्हीसमोर हात जोडलेले मी पाहिले आहेत.

संचलनाआधी पंतप्रधान हुतात्म्यांना पुष्पचक्र वाहतात. पूर्वी हे इंडिया गेटच्या अमर जवान ज्योतीपाशी होई, २०२० पासून राष्ट्रीय युद्ध स्मारकावर होतं. २९ जानेवारीला विजय चौकात सैन्याच्या बँडांचा ‘बीटिंग रिट्रीट’ झाला की सोहळा संपतो.

त्या दिवशी सुट्टी द्यावीच लागते का?

हो. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने आणि आस्थापना कायद्यात २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या भरपगारी सुट्ट्या आहेत. दारूची दुकानं बंद असतात.

जिलेबी का वाटतात?

याचं ठाम उत्तर कुणी देऊ शकेल असं वाटत नाही. सकाळी झेंडावंदनाहून परतताना कढईसमोर रांग लावायची आणि कागदी पुडक्यातून गरम जिलेबी घरी न्यायची, हे बहुतेक गावांत ठरलेलं आहे. शाळेत बुंदीचा लाडू किंवा बिस्किटाचा पुडा. लहानपणचा २६ जानेवारी मला अजून त्याच वासाने आठवतो : कडक इस्त्री, खडूने पांढरे केलेले बूट आणि हातात चिकट पाक.

मुलांनी भाषणात काय बोलावं?

पाठ केलेले क्रांतिकारकांचे परिच्छेद १५ ऑगस्टलाही तेच आणि २६ जानेवारीलाही तेच, असं होऊ देऊ नका. या दिवशी संविधानाची उद्देशिका वाचा. महाराष्ट्रात २०२० पासून शाळांच्या परिपाठात तिचं वाचन आहेच, पण रोजच्या वाचनात शब्द गुळगुळीत होतात. एकेक शब्द थांबून समजावा. ‘दर्जाची व संधीची समानता’ म्हणजे आपल्या वर्गात काय? ‘बंधुता’ म्हणजे डबा खाताना काय?

आणि शेवटचे शब्द : ‘स्वतःप्रत अर्पण करीत आहोत’. सुरुवात ‘आम्ही, भारताचे लोक’ अशी आणि अर्पणही स्वतःलाच. सातवीतल्या एका मुलीने एकदा विचारलं, “सर, अर्पण तर देवाला करतात ना?” सबंध वर्ग माझ्याकडे बघत होता. मी म्हटलं, इथे देणारे आपण आणि घेणारेही आपणच, म्हणून सांभाळायचं कुणी हे विचारावं लागत नाही. त्यानंतर हा शब्द न समजावता मी उद्देशिका कधी वाचून घेतलेली नाही.

झेंडावंदनानंतर गावात ग्रामसभा असते. तिला जावं का?

जावंच. ग्रामसभा वर्षातून किमान चार व्हाव्या लागतात आणि २६ जानेवारी ही त्यांतली रूढ तारीख. माझ्या मते हाच या दिवसाचा खरा विधी आहे आणि आपण नेमका तोच टाळतो. सव्वीसच्या सकाळी चावडीपुढे गर्दी असते, मिठाई वाटून झाली की ती पांगते आणि सभेला सरपंच, ग्रामसेवक आणि पाच-दहा माणसं उरतात. गणपूर्तीला मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांतली जी कमी असेल ती संख्या लागते. कोरम नाही म्हणून सभा तहकूब आणि पाण्याच्या टाकीचा विषय पुन्हा लांबणीवर.

अठरा वर्षांवरच्या गावातल्या प्रत्येक मतदाराला तिथे बोलण्याचा हक्क आहे. खर्चाचा हिशेब मागता येतो, घरकुलाच्या यादीवर हरकत घेता येते. त्याआधी महिलांची वेगळी सभा व्हायला हवी, ती झाली का हेही विचारा. शहरात ही सोय नाही याची मला खंत वाटते. तिथे निदान सोसायटीच्या झेंड्याखाली अर्धा तास बसून सार्वजनिक प्रश्नांवर बोलायला काय हरकत आहे?

संध्याकाळी झेंडा उतरवून कसा ठेवावा?

रात्री ठेवायची मुभा असली तरी आम्ही शाळेत सूर्यास्तालाच उतरवतो. दोघंजण लागतात. झेंडा आडवा धरायचा, केशरी आणि हिरवा पट्टा पांढऱ्याच्या खाली दुमडायचा, मग पांढरा पट्टा दोन्ही बाजूंनी आत घ्यायचा, म्हणजे वर अशोकचक्र आणि कडेला थोडा केशरी, थोडा हिरवा एवढंच दिसतं. घडी दोन्ही तळव्यांवर घेऊन कपाटापर्यंत न्यायची. मैदानात तेव्हा फक्त रांगोळीवरून चालत गेलेल्या पावलांचे ठसे आणि इकडेतिकडे पडलेल्या पाकळ्या असतात. घडी करायला मी दरवर्षी दोन वेगळी मुलं थांबवून घेतो. सकाळी व्यासपीठावर ज्यांना जागा मिळाली नाही, त्यांतली.